शुक्रवारचं तिकीट

ड्रमनाफिन, परगणा लीट्रिम
ऑक्टोबरातला दुसरा रविवार, दुपार

ती. अट्रॅक्टाताईस,

ओल्या ड्रमनाफिनहून तुझ्या धाकट्या भावाचा, फेलिमचा, त्यातल्या त्यात कोरडा नमस्कार. तू, भावोजी आणि क्लीव्हलंडची सगळी मंडळी खुशाल असाल अशी आशा आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? नवे बसवल्यापासून चर्चमध्ये तू सगळ्यांच्या आधी उठून उभी राहतेस आणि बाकीच्यांकडे वळून बघतेस असं कळलं, बरं वाटलं. माझ्या प्रकृतीची काळजी करू नकोस. उजवा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडलाय, तेवढं सोडलं तर मी ठणठणीत आहे.

अक्षर पाहून दचकली असशील. इतकं वळणदार अक्षर आपल्या घराण्यात कुणी काढलेलं नाही. पत्र मी सांगतोय आणि आपल्या पोस्टाच्या ऊना मॅकगोल्ड्रिक ते लिहून घेतायत. आईच्या अंत्यविधीला तुला भेटल्या होत्या बघ, करड्या कोटातल्या. नवरा, कॅहल, गेल्यापासून दहा वर्षं एकट्याच पोस्टाची खिडकी सांभाळतात. लग्न होऊन इथे आल्याला तीस वर्षं झाली तरी गाव त्यांना अजून 'लाँगफर्डची बाई' म्हणतं. मी कधी म्हणत नाही. (म्हणतात. – ऊ.) हा आत्ता आलेला कंस त्यांचा. लिहून द्यायला त्यांनी एकच अट घातली आहे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहितील, पण मी खोटं बोललो की कंस टाकतील. दोन-तीनच पडतील अशा हिशेबाने मी हो म्हटलं.

तर तुझ्या लीट्रिम मंडळाच्या स्मरणिकेसाठी तू माझ्याकडे लेख मागितलास. 'आपला परगणा: भूगोल, अर्थकारण आणि जनजीवन'. पाचशे शब्द, आणि खाली तुझ्या हातची टीप, की विनोद नको आणि अध्यक्षांना मान खाली घालावी लागेल असं काही नको. (तुझे अध्यक्ष म्हणजे त्याच गृहस्थांचे नातू ना, जे शेजाऱ्याचं गाढव विकून त्या पैशांनी बोटीत बसले?) शिवाय ईस्टरला फोनवर आपण जे बोललो त्याचंही काहीतरी कळवायचं राहिलंय. (काय बोललात? – ऊ.) जमिनीचं. पोस्टाजवळ एक तुकडा आहे, मला त्यात बऱ्याच वर्षांपासून रस आहे. (पोस्टाच्या एका अंगाला स्मशान आहे, दुसऱ्या अंगाला नदी. – ऊ.) ताई, तुला कळतंय मी काय म्हणतोय ते. तेव्हाही कळलं होतं. इतकी हसलीस, की भावोजींनी तुझ्या हातातून फोन काढून घेतला. तुकडा उत्तम आहे, वाऱ्यापावसात टिकलेला आहे, फक्त विचारायला तोंड उघडत नाही. नाही असं उत्तर आलं, तर मग मी दर शुक्रवारी जायचं कुठे?

बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. गुरांच्या बाजारात जी कालवड घ्यायची असेल तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं, आणि कुणी विचारलंच तर तिच्या पायांना नावं ठेवायची. गकियनांची तांबडी घेताना बाबा दोन तास पाठ करून उभे होते आणि तिला मांजर म्हणत होते. पुढे चौदा वर्षं तिच्यावर जीव टाकला. मला त्यांनी दुसरं काहीच शिकवलं नाही, त्यामुळे हेच मी सगळीकडे वापरतो. (आलं ध्यानात. – ऊ.)

आता भूगोल. लीट्रिम हा वर पाणी, खाली पाणी आणि मधे लव्हाळे अशा तीन थरांचा परगणा आहे. समुद्रकिनाराही आहे, चार-एक किलोमीटर, म्हणजे इतर परगण्यांनी किनारा वाटून घेतला तेव्हा आपलं फक्त कोपर तिथवर पोचलं असावं. आपली जमीन चौतीस एकर. त्यातली अकरा एकर उभी आहे, नऊ पाण्याखाली, आणि बाकीची कुठे आहे ते त्या त्या आठवड्याच्या पावसावर. मिस शॉर्टकडे तू पियानो शिकायला जायचीस ती टेकडी आठवते? तिथे आता स्प्रूसची लागवड आहे. झाडं दाराला लागून नाहीत ताई, घरातच आहेत, चूल होती तिथे. दुपारीसुद्धा आत काळोख असतो आणि पाखरू बोलत नाही. मला ते बघवत नाही, म्हणून मी तिथून जाताना ट्रॅक्टरचा आवाज वाढवतो. वाडीत आपल्या लहानपणी अकरा घरं होती, आता सात धुराडी पेटतात. आपलं घर तू सोडलंस तसंच, तोंड रस्त्याकडे आणि पाठ दलदलीकडे. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

अकराची सात घरं झाल्यामुळे वाडीत घरोघरी फिरणाऱ्या मिस्सेची, म्हणजे फादरांच्या प्रार्थनेची, पाळी अकरा वर्षांनी यायची ती आता सात वर्षांनीच येते. मागच्या वेळी आई होती. फादर घरी येणार, स्वयंपाकघराच्या टेबलावर मिस्सा होणार, सगळी वाडी जेवणाच्या खोलीत गुडघे टेकणार, म्हणून तिने महिनाभर आधीपासून मला आणि भिंतींना घासून काढलं होतं. यंदा मी एकटा. तरी घर रंगवलं. दर्शनी भिंत आणि गावाच्या बाजूची भिंत. (तेवढ्याच. – ऊ.) रस्त्यावरून दिसतं तेवढंच रंगवायचं ही इथली रीत आहे, आणि रंग काही आभाळातून पडत नाही. आतलं जे जे दाखवण्यासारखं नव्हतं ते मागच्या अंगणात नेऊन रचलं. दोन लोखंडी पलंग, तीन मुके टीव्ही, तुझी सायकल, बाबांचा रेडिओ, तळ गेलेला आंघोळीचा टब, आणि माझ्या पलंगाखालचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मदतीला येणाऱ्या बायका पलंगाखालीसुद्धा झाडतात, म्हणून तोही बाहेर. ढिगावर चाऱ्याचं काळं प्लास्टिक ओढलं, त्यावर जुने टायर ठेवले. देवाला सोडून कुणाला दिसलं नसतं.

फादर केरळचे आहेत. नाव फादर शिजो. इथल्या पावसाबद्दल अवाक्षर न काढणारा माझ्या आयुष्यातला पहिला माणूस. आम्ही सगळे अकरा वाजता इस्त्री करून बसलो होतो, मी दाराशी, रंगाच्या वासात. साडेअकरा झाले. मग फ्रान्सी अर्लीचा फोन वाजला (फ्रान्सी म्हणजे आपल्या खालच्या अंगाचा, ज्याने तुला दोनदा मागणी घातली आणि दोन्ही वेळा ट्रॅक्टरवरून). फादर म्हणाले, मी तुमच्या घरापाशीच आहे, पण घर रंगवलेलं दिसत नाही. त्यांना त्यांच्या फोनमधल्या नकाशाने दलदलीच्या वाटेने आणलं होतं. त्या वाटेने शेवटचं कोण आलं असेल तर बाबांची गाढवगाडी. फादरांची गाडी दारापर्यंत रुतून माझ्या मागच्या अंगणाच्या कडेला उभी होती, आणि सात घरांतली माणसं चांगल्या बुटांत, एकामागून एक, माझ्या घराची पाठ बघायला निघाली.

कुणी टोमणासुद्धा मारला नाही. तेच तर इथलं वाईट. लोक तीन टीव्हींच्या आकारांकडे बघून हवेबद्दल बोलू लागले. फ्रान्सीने ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली, ओढलं. गाडी सुटली, पण तिच्या मागच्या चाकात माझं काळं प्लास्टिक अडकलं होतं. टायर उडाले, पलंग आडवे झाले आणि बिस्किटांचा डबा टबावर आपटून उघडला. मी त्याच्यावर झेप घेतली. (छान झेप होती. – ऊ.) पाय घसरला, टबाच्या कडेवर हात आला, आवाज मलासुद्धा ऐकू आला. पण त्या वेळी मला हाताचं काही वाटत नव्हतं, कारण डब्यातली तिकिटं वाऱ्यावर निघाली होती.

आणि इथे ताई, तुझा दुसरा मुद्दा सुरू होतो, अर्थकारण. आई होती तोवर मी तिला दर शुक्रवारी पेन्शन घ्यायला पोस्टात न्यायचो. आत ती आणि ऊनाबाई बोलायच्या, मी दारात उभा राहून स्मशानाकडे बघायचो. आई गेली, पण शुक्रवार येतच राहिला. पहिल्या शुक्रवारी मी नुसताच गेलो. ऊनाबाईंनी विचारलं, काय देऊ? काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, एक तिकीट. पुढच्या शुक्रवारीही एक तिकीट. मी कुणाला पत्र लिहीत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? सहा वर्षांची तीनशेच्या वर तिकिटं झाली होती, एकेकटी, एकही न वापरलेली. ती सगळी माझ्या अंगणावर, दलदलीवर, फ्रान्सीच्या टोपीवर आणि फादरांच्या पांढऱ्या झग्यावर येऊन बसली.

फ्रान्सीने टोपीवरचं एक काढून उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "फेलिम, एवढी पत्रं तू लिहिणार तरी कुणाला होतास रे?"

सगळे थांबले. ऊनाबाई माझ्यापासून दोन हातांवर, त्याच करड्या कोटात. मी चिखलात बसलेलो. ताई, मला तेव्हा बोलता आलं असतं. सहा वर्षांत इतकी सोयीची वेळ आली नव्हती, निम्मं काम वाऱ्यानेच करून ठेवलं होतं. आणि माझ्या तोंडून बाबा बोलले. मी म्हटलं, "गुंतवणूक आहे. तिकिटांचे दर दरवर्षी वाढतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्रान्सीची बायको तर म्हणाली की शहाणपणाचं आहे, आमच्या ह्यांना हे सुचलं नसतं. ऊनाबाईंनी खाली वाकून एक तिकीट उचललं, कोटाला पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भिजलेली आम्ही परत घेत नाही." मग त्या वेचायला लागल्या. मग सगळीच वाडी लागली. फादर शिजो झगा खोचून लव्हाळ्यात उतरले, त्यांना चिखलात चालायची सवय दिसली. मिस्सा एक वाजता सुरू झाली, आणि माझ्या टेबलावर येशूच्या क्रुसाशेजारी चाळणीत ओली तिकिटं निथळत होती. माझं स्पष्टीकरण सगळ्यांना पटलं, हे त्यातल्या त्यात बरं झालं. (सगळ्यांना. – ऊ.)

आता जनजीवन. मिस्सेनंतर खाणं असतं. हात ओल्या पंच्यात बांधून मी यजमान म्हणून उभा होतो. ऊनाबाईंनी सफरचंदाचा टार्ट आणला होता. वाडीतल्या सगळ्यांच्या नजरा टार्टवरून माझ्यावर आणि माझ्यावरून टार्टवर जात होत्या, म्हणून मी मोठ्याने म्हटलं की खालून जरासा कच्चा आहे आणि लाँगफर्डला सफरचंदं आंबटच लागतात. ताई, मी तांबडीला मांजर म्हणत होतो गं! तुला कळेल. पण बाबांच्या वेळी समोर कालवड असायची आणि तिला भाषा समजायची नाही. मी घाईने दोन तुकडे खाल्ले, म्हणजे तरी कळावं. (पाच. आणि ताट पुसून. – ऊ.)

तरीही हाताचं बघायला मला स्लायगोला कोण घेऊन गेलं? फ्रान्सी तयार होता, पण ऊनाबाईंनी गाडीची किल्ली हातात घेतली होती. शेजारी बसून जायला मिळालं, तासाभराचा रस्ता, दोघंच, पाऊस, काचेवरचे वायपर. मी ठरवलं, मॅनरहॅमिल्टन यायच्या आत विचारायचं. (काय विचारायचं? – ऊ.) जमिनीचं. त्या तुकड्याचं. मॅनरहॅमिल्टन आलं. मग ठरवलं, स्लायगोच्या आत. तोवर गप्प कसं बसायचं, म्हणून मी वाटेतल्या शेतांबद्दल बोललो. (प्रत्येक शेताबद्दल. कुठे पाणी साचतं, कुठून निचरा काढायला हवा होता आणि तो कुणाच्या आजोबांनी काढला नाही. डाव्या बाजूची जाताना, उजव्या बाजूची येताना. – ऊ.) तुझ्या स्मरणिकेला भूगोल हवाच होता. तेवढं ऐकून घेणारं माणूस ताई, मला तरी दुसरं भेटलेलं नाही. हे लिहा ऊनाबाई. (लिहिलं. – ऊ.)

तेव्हापासून त्या रोज पोस्ट बंद झालं की येतात. चूल बघतात, मला कोटाची बटणं लावता येत नाहीत ती लावतात, आणि टार्ट आणत नाहीत. गुरांचं फ्रान्सी करतो. प्लास्टर आणखी पाच आठवडे आहे. हाड लवकर जुळतंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं की घाई नाही.

तर हे झालं तुझं भूगोल, अर्थकारण आणि जनजीवन. यातले कुठलेही पाचशे शब्द उचल, फक्त अध्यक्षांच्या आजोबांचे आणि माझे सोडून. तिघी नातींना माझे पापे. भावोजींना सांग की तुम्ही इथे येऊन घातलेलं कुंपण अजून उभं आहे, बाकी शेत वाहून गेलं.

तुझा एकहाती भाऊ,
फेलिम

ता. क. तुझ्या सायकलचं चाक फ्रान्सीच्या साखळीत वाकलं. ती तू १९८९ पासून चालवलेली नाहीस, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. हे मी डाव्या हाताने लिहितोय. ऊना चहा टाकायला आत गेलीय. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं दिसेल पण वाच. आईची अंगठी पाठव. निळ्या पेटीतली, तू नेलीस ती. तुझा हक्क आहे हे मान्य, तरी पाठव. हातात अंगठी असली म्हणजे मला तोंडाने काही बोलावं लागणार नाही, नुसती पुढे करता येईल. पार्सल पोस्टात तिच्याच हातात येणार, म्हणून वर 'लोकरीचे मोजे' असं लिही. तिला कशाचाच पत्ता नाही. तिला ती तिकिटं गुंतवणूकच वाटतायत. किटली शिट्टी घालतेय. पाठव.

ता. क. तिसरा. अट्रॅक्टाताई (आजपासून ताईच म्हणते, चालेल ना?),

फेलिमने पत्र माझ्याकडे दिलं, म्हणाला पाकिटात घाला आणि शेवटचं पान वाचू नका. म्हणून वाचलं.

मोजे लिहू नका. अंगठी रजिस्टर करून पाठवा, सही मलाच करायची आहे. मापाची चौकशी नको. तुमच्या आईने शेवटच्या हिवाळ्यात खिडकीतून ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, घालून बघ. मी घातली. बसली. हा तेव्हा दारात उभा राहून स्मशान बघत होता. त्यांनी अंगठी परत घेतली, पेन्शन मोजली आणि म्हणाल्या, त्याला जरा वेळ लागतो. मला वाटलं होतं, एक-दोन महिने.

आणखी एक. तिकिटं माझ्याकडे दहाच्या पुस्तकात येतात. पुस्तक फोडून सुटं तिकीट मी कुणाला देत नाही. फादरांनासुद्धा नाही, सगळं गाव जाणतं. याच्यासाठी सहा वर्षं दर शुक्रवारी फोडतेय, आणि हा समजतो की आपण पाठ करून उभे आहोत. दोन वर्षांपूर्वी पोस्टाची वरची माणसं म्हणत होती, खिडकी बंद करा, घरी बसा. मी नाही म्हटलं. शुक्रवार कुणी सांभाळला असता?

मला कळलंय हे त्याला कळवू नका. अंगठी पुढे करायची त्याची तयारी चालू आहे, काल चमचा घेऊन करून बघत होता. मी ऐनवेळी तिच्यात जरा खोट काढणार आहे. म्हणणार आहे, क्लीव्हलंडची दिसते, आतून कच्ची आहे.

पाकिटावर त्याच्याच डब्यातली सात तिकिटं लावली आहेत, वाळवून, खळीने चिकटवून. बाकीची माझ्या स्वयंपाकघरात दोरीवर आहेत. ती मी त्याला परत देणार नाही. आमंत्रणांना लागतील.

– ऊना